अध्यक्षाच्या कमरेला सैल ढोल

प्रिय अक्का,

शरणू शरणार्थ.

तू गेल्यापासून रोज मनातल्या मनात तुझ्याशी भांडते, पण कागदावर आजच पहिल्यांदा लिहायले. कामून म्हणशील, तर आज सकाळी मी सोनपेठच्या भर बाजारात एका माणसाची पार इज्जत काढली! तू असतीस तर माझा हात धरून मला ओढत घरी आणलं असतंस. आता ओढायला तू न्हाईस. म्हणून आधी सगळं ऐकून घे, मग वरून काय ओरडायचं ते ओरड.

कुणाची म्हणून काय विचारतीस? आपल्या ढोल पथकाच्या अध्यक्षाची! त्याचं नाव मी लिहीत न्हाई, पेनाची शाई बाटायची.

मागल्या आठवड्यात तो दुकानात आला. मी साडीला फॉल लावत बसले होते. सोबत दोन चेले, एकाच्या हातात शाल, दुसऱ्याच्या हातात नारळ. म्हणला, "ताई, गणपती जवळ आले. रविवारी वाद्यपूजन ठेवलंय. यंदाचा कार्यक्रम बाईंच्या आठवणीत करायलोत. तुमी स्टेजवर बसायचं बगा."

मग मोबाईलवर मला फ्लेक्स दाखवला. अक्का, तुझा फोटो चिंचोक्याएवढा आणि त्याचा दाराएवढा! तुझ्या खाली निस्तं नाव. त्याच्या खाली काय लिहिलं होतं म्हणतीस? 'नवोदित वादकांचा आधारवड.' आधारवड! माझ्या बोटात सुई घुसली तरी मला कळलं न्हाई.

पण मी हसले. म्हणलं, "येते की. आमच्या अक्काचा मान हाय, येणार न्हाई व्हय?" त्याला लय बरं वाटलं. मनात म्हणलं, ये बच्चमजी, आता सापडलास.

आधार कुणाला म्हणतात ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. शाळेतून रिटायर झालीस तर बाकीच्या बाया काशीला गेल्या, तू बाजारच्या मैदानावर जाऊन ढोलवाल्या लेकरांत बसलीस. दहावीला नापास झालेली, घरात मार खाल्लेली, शाळेतून नाव काढलेली, सगळी तुझ्याच भोवती. मी म्हणायचे, "अक्का, ह्या कटकटीतून आत्ता कुठं सुटलीस, पुन्हा कामून गळ्यात घेतीस?" तू म्हणायचीस, "शाळेत मला घंटा झाली की सोडून द्यावं लागायचं गं."

ढोल बडवून लेकरांच्या हातांना फोड यायचे. माझ्या दुकानातली मांजरपाटाची सगळी चिंधी तू न्यायचीस. हळद-तेल लावून एकेकाचा हात बांधायचीस आणि बांधता बांधता विचारायचीस, "जेवलास का रे? बाप आला का घरी?" शेवटची एसटी गेली की गोदाकाठच्या लेकरांना आपल्या ओसरीवर झोपवायचीस आणि मला पिठलं टाकायला लावायचीस. मी कुरकुर करायचे. करायचे आणि टाकायचे.

आणि तुझी ती रीत! कुणाचा हात चुकायला लागला की बाकीचे म्हणायचे, काढा त्याला बाहेर, सगळ्यांचा ताल बिघडवायलाय. तू काढायची न्हाईस. त्याला उचलून मधल्या रांगेत ठेवायचीस, दोन पक्क्या ढोलांच्या मधी. म्हणायचीस, दोन्ही कानांत ताल पडू द्या, हात आपोआप येतो. आणि यायचा गं! माझ्यासारख्या बेसूर बाईलाही ते कळायचं.

पल्लवी तुला तशीच सापडली. तिची माय आठवडी बाजारात भाजी विकती. पोरगी लय तापट, माझ्यापेक्षाही. पहिल्याच दिवशी तिनं भांडणात कुणाच्या तरी डोक्यात ढोलाचं टिपरू घातलं होतं. सगळे म्हणले, ही हाताबाहेर गेलीय. तू तिच्या गळ्यात ताशा घातलास. मी विचारलं, हिलाच कामून? तर म्हणलीस, "हिच्या हातात जेवढा राग हाय, तेवढा ताशाला लागतो."

दोन पावसाळ्यांत त्या पोरीनं पथक पेललं. ताशा उठल्याबिगर ढोलावर टिपरू पडत न्हाई, ही आपल्या पथकाची शिस्त. पल्लवीच्या काड्या कडाडल्या की पन्नासाच्या वर ढोल एका दमात उठायचे आणि माझ्या दुकानाचं शटर थरथरायचं.

मागल्या वर्षीची मिरवणूक आठवती का तुला? मला तर डोळे मिटले तरी दिसती. टळटळीत ऊन, चौकात पुढाऱ्यांचं स्टेज. पल्लवी सकाळपासून उपाशी. तिला भोवळ आली, हात चुकला, ढोल विस्कटले. होतं तसं. कुणी पाणी द्यायचं सोडून हा अध्यक्ष स्टेजवरून खाली आला आणि भर चौकात त्यानं तिच्या गळ्यातला ताशा ओढून काढला. म्हणला, "जमत नसल तर कापूस वेचायला जा."

तू रांग मोडून पुढं आलीस. तुझा आवाज मी जन्मात तेवढा मोठा ऐकला न्हाई. "अध्यक्ष, ताशा परत तिच्या गळ्यात घाला."

तो म्हणला, "बाई, तुमचं वय झालं. घरी बसा आता."

दुसऱ्या दिवशी वाद्यांच्या खोलीला नवं कुलूप. लेकरांना हुकूम सुटला, बाईच्या घरी जो जाईल त्याला ढोल मिळणार न्हाई. आणि तू काय केलंस? गप्प बसलीस! मी म्हणलं, चल, त्याच्या दारात जाऊन तमाशा करू. तू कपाळाला विभूती लावली आणि म्हणलीस, "जाऊ दे गं. लेकरांचं वाजवणं बंद पडायला नको माझ्यापायी." अक्का, तुझ्या ह्या चांगुलपणाचा मला आजही राग येतो! तुझ्या 'जाऊ दे'वर असली माणसं माजतात. कळलं का?

मग तुझं दुखणं निघालं. परभणीच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं तवा तुझी लेकरं मागच्या दारानं यायची, चोरासारखी. पल्लवी यायची आणि तुझे पाय दाबायची. तिनं ताशाला हात लावायचा सोडला होता. तू तिला एकदाही वाजव म्हणली न्हाईस. मला मात्र म्हणलीस, "पल्लवीचा ताशा सुटू देऊ नको. आणि मला न्हेताना बाकी काही करू नको, माझ्या लेकरांना वाजवू दे."

मागून मागून काय मागितलं होतंस गं तू? आपल्यात माणूस लिंगैक्य झालं की त्याला विभूती लावून, फुलांच्या डोलीत बसवून, वाजत-गाजत न्हेतात. गरिबातल्या गरिबाला बी वाजंत्री मिळती. आमचे हे सकाळीच त्या अध्यक्षाकडं गेले, म्हणले, दोन तासांसाठी खोली उघडा. त्यानं चहाची कपबशीसुद्धा खाली न ठेवता सांगितलं, "पथकाचे ढोल मयतीला देत नसतो. अपशकुन होतो."

तू अपशकुन! ज्या बाईनं त्या ढोलांच्या दोऱ्या वळल्या, ती अपशकुन!

मठातले टाळ तेवढे वाजले. तुझी लेकरं दोन्ही बाजूंना रिकाम्या हातांनी चालत होती. बारका समद आपल्या मांडीवरच बोटांनी ठेका धरायला होता, आणि कुलूप लावलेल्या खोलीसमोरून तुझी डोली गेली. मी त्या दिवशी रडले न्हाई. भावकीतल्या बाया म्हणल्या, बारकी दगडाची हाय. दगडाची न्हाई गं. मी डूख धरला होता.

तर रविवार आला, म्हणजे आजचाच. त्याच्या आधी मी बाजारात पल्लवीकडं जाऊन आले.

"काय गं, ताशाचा काही विचार हाय का न्हाई?"

"न्हाई मावशी. मेथी घ्या, ताजी हाय."

"मेथीचं काय घेऊन बसलीस! अक्काच्या नावाचा कार्यक्रम हाय."

तिनं मेथीची जुडी अशी आपटली की माती माझ्या साडीवर उडाली. "ज्यानं काढला त्यानंच परत घालावा. बाई तेच म्हणली होती ना त्याला? तवर मी गळ्यात घेत न्हाई."

माझंच रगत वाटलं मला. उलीसं हसले आणि म्हणलं, "बरं. ये तर खरी. मज्जा दाखवते." काय मज्जा ते तिला सांगितलं न्हाई.

सकाळी मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन सगळ्यांच्या आधी मैदानावर. वाद्यांना कुंकू लावायला बाई लागतीच. अध्यक्षाचा ढोल येगळाच ठेवला होता, झेंडूच्या माळा घालून. पहिला टोल तो मारणार होता. समदनं पहाटे येऊन त्या ढोलाच्या दोऱ्या ओढून ओढून टण्ण केल्या होत्या. मी एका हातानं कुंकू लावलं आणि दुसऱ्या हातानं गाठी ढिल्या केल्या. जिंदगीभर गुंता सोडवणारी बोटं हायत माझी, किती येळ लागतो?

मग त्याचं भाषण. "बाईंना मी मोठ्या बहिणीसारखं मानलं. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीशी उभा राहिलो." मी शाल पांघरून त्याच्या बाजूला बसलेली. पाठीशी उभा राहिलास व्हय रे? कुलूप घेऊन उभा राहिला होतास!

चेल्यांनी त्याच्या कमरेला ढोल बांधला. पोट मोठं, कपडा अपुरा, मागं करकचून गाठ मारावी लागली. फोटोवाले पुढं आले. त्यानं टिपरू उचललं, मान ताठ केली आणि हाणलं.

भद्द!

गव्हाचं पोतं बैलगाडीतून पडावं तसं. लोकांना आधी कळलंच न्हाई. त्यानं पुन्हा हाणलं, जोर लावून. भद्द! मागून एक म्हातारा ओरडला, "अध्यक्ष, ढोलाला ताप आला का वो?" आणि सगळं मैदान फसकन हसलं. अक्का, मला असं गार गार वाटलं म्हणून सांगू! वरून तू डोळे वटारले असशील. वटार.

पण पुढचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. असल्या माणसाची फजिती झाली की तो आधी लेकरू शोधतो, हे मला कळायला पाहिजे होतं. त्यानं समदचा कान पकडला. "तूच बांधला ना रे हा? चालता हो पथकातून!" समदचं तोंड एवढं एवढं झालं. बिचारा गाठींकडं पाहायला, की पहाटे तर टण्ण होत्या.

माझं हसू जागच्या जागी मेलं. उठले आणि माईक ओढून घेतला.

"कान सोडा त्याचा. दोऱ्या मी सैल केल्यात."

माझे हे खालून हातानं खुणा करायले, बस खाली, बस खाली. मी बसते व्हय?

"ऐका सगळे! ह्या माणसानं भर चौकात पल्लवीच्या गळ्यातून ताशा ओढला. माझी अक्का मधी पडली तर तिला घरी बसवलं. ती मेली तर तिच्या डोलीपुढं वाजवायला ढोल दिले न्हाईत, अपशकुन म्हणला. आणि आज तिच्या फोटोला हार घालून आधारवड होयलाय! ह्यातलं एक अक्षर खोटं असल तर माझी जीभ झडो."

"ताई, माईक द्या इकडं. बाईमाणसानं…"

"बाईमाणसानं काय? बोला की पुढं!"

मग तो लेकरांवर ओरडला, "वाजवा रे! वाजवा!" माझा आवाज दाबायचा होता त्याला. पण ताशा उठल्याबिगर टिपरू पडत न्हाई ना! नव्यानं ताशा घेतलेल्या पोरानं ताशा गळ्यातून काढून खाली ठेवला, काड्या त्याच्यावर ठेवल्या आणि हात बांधून उभा राहिला. सगळी रांग त्याच्या मागं तशीच उभी. अध्यक्ष ओरडायलाय, टिपरू हालवायलाय, आणि एक ढोल वाजना.

तवा भाजीच्या पालांकडून पल्लवी आली. मला वाटलं, आता ही तो ताशा उचलून त्याच्या टाळक्यात घालती. खरं सांगू? घातला असता तर मी आडवी आले नसते.

तिनं काड्या उचलल्या. समदला म्हणली, "तू धर." समदनं ताशा दोन्ही हातांनी छातीपुढं धरला.

अध्यक्ष म्हणला, "गळ्यात घाल की! नाटकं कामून करायलीस?"

"गळ्यातला तुमी काढलाय," पल्लवी म्हणली. "तुमीच घालायचा. मिरवणुकीत, त्याच चौकात, सगळ्यांपुढं. तवर माझा गळा रिकामा ऱ्हाईल. आज मी तुमच्यासाठी वाजवत न्हाई. आमच्या बाईची शेवटची यात्रा वाजवायची राहिलीय."

आणि काडी पडली!

अग्गं माय! काय तो कडकडाट! सगळे ढोल एका दमात उठले आणि स्टेजकडं पाठ करून चालायला लागले. समद उलट्या पावलांनी, ताशा छातीशी धरून, आणि त्याच्यापुढं पल्लवी वाजवत. मी स्टेजवरून तुझा फोटो उचलला. दाराएवढ्या फ्लेक्सवरचा न्हाई, टेबलावरचा, हार घातलेला. कडेला घेतला आणि निघाले.

एकदा मागं वळून पाहिलं. अध्यक्ष स्टेजवर एकटा, कमरेला तो सैल ढोल. मागची गाठ काही केल्या सुटंना. त्याचा ड्रायव्हर वाकून दातानं गाठ सोडायलाय आणि बाजारातली लेकरं टाळ्या पिटायलीत. मी डोळे भरून पाहिलं, अक्का. खोटं कामून बोलू?

बाजारातून, मठावरून, ज्या रस्त्यानं तुला न्हेलं त्याच रस्त्यानं गेलो. लोक दुकानं सोडून मागं चालायले. वेशीजवळच्या वळणावर पल्लवीचा हात एकदा अडकला. पण मधल्या रांगेनं ठेका सोडला न्हाई, आणि दोन पावलांत तिचा हात त्याच्यावर आला. कुणी कुणाकडं वळून पाहिलंसुद्धा न्हाई. हे तू शिकवलंस की!

रुद्रभूमीत तुझ्या समाधीपुढं वाजवलं. किती येळ ते मला ठाऊक न्हाई. पोरांच्या हातांतून रगत यायला लागलं तवा थांबले. ऐकलंस का तू? तुझ्या बाजूची जुनी माणसं बी जागी झाली असतील. पल्लवी खाली बसली, काड्या मातीवर ठेवल्या आणि म्हणली, "बाई, उशीर झाला बगा." तिथं मात्र मला रडू आलं. त्या दिवशीचं सगळं आजच निघालं. समदनं मला आपला रुमाल दिला, लय मळका होता, पण मी घेतला.

दुपारी लेकरांनी सगळे ढोल पुसून त्याच्या खोलीत परत नेऊन ठेवले. एक टिपरूसुद्धा घरी न्हेलं न्हाई. त्याला बोलायला जागाच ठेवली न्हाई. आता त्याच्याकडं ढोल हायत आणि वाजवायला कुणी न्हाई. उद्यापासून सराव माझ्या दुकानापुढं. ढोल येईपर्यंत पाण्याच्या ड्रमावर बडवतील, समदनं आत्ताच दोन आणून ठेवलेत. आमचे हे म्हणायले, गिऱ्हाईक पळून जाईल. जाऊ दे.

आत्ता दिवेलागणीला त्याचा चेला आला होता. म्हणला, "साहेब म्हणायलेत, झालं गेलं विसरा. गणपती तोंडावर हायत, पथक बंद पडलं तर गावाची शोभा जाईल. समेट करू. वाटलं तर घरी येऊन तुमची माफी मागतील." मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. म्हणलं, "माझी माफी कशाला? घरात येऊन कशाला? चौक माहीत हाय ना त्यांना?" तो खाली मान घालून गेला.

मला ठाऊक हाय, तुला हे पटणार न्हाई. तू म्हणशील, पस्तावला असल गं, जाऊ दे. न्हाई पस्तावला! गणपती तोंडावर हायत म्हणून आलाय. आणि खरंच पस्तावला असला तरी मला त्याचं काय? त्यानं तुझ्याकडं येऊन हात जोडले असते तर तू त्याला बसायला पाट दिला असतास, चहा दिला असतास आणि माफ करून मोकळी झाली असतीस. पण तू जित्ती होतीस तवर तो आला न्हाई. आता तू न्हाईस अक्का. आता त्याची गाठ माझ्याशी हाय.

तुला शब्द देते. पल्लवीचा ताशा सुटू देणार न्हाई, मग समदला वर्षानुवर्षं उलटं चालावं लागलं तरी बेहत्तर. आणि जवर त्या चौकात, त्याच्या हातानं, तो ताशा तिच्या गळ्यात पडत न्हाई, तवर त्या माणसाला ह्या गावात मी सुखानं एक गणपती बसवू देणार न्हाई. तू वरून कितीही 'जाऊ दे' म्हण.

तुझी तापट धाकटी,
बारकी